मुखपृष्ठ आणि मांडणीचं काम बाहेर देताना: स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकांसाठी

नमस्कार.

आमच्याकडे तयार फाइली येतात. त्या तपासणं, छापखान्याच्या किंवा ई-पुस्तकांच्या दुकानाच्या मापात बसतात का ते बघणं आणि पुढे चढवून देणं, एवढंच आमचं काम. मुखपृष्ठ किंवा आतल्या पानांची मांडणी आम्ही करत नाही आणि ती करणाऱ्या कुणाकडून कमिशनही घेत नाही. त्यामुळे “हे काम कुणाला देऊ आणि देताना काय बघू?” या तुमच्या नेहमीच्या प्रश्नावर आम्हाला मोकळेपणाने बोलता येतं.

अडलेल्या फाइली बघून बघून एक गोष्ट आम्हाला पक्की कळली आहे. चित्रकार कच्चा होता म्हणून पुस्तक फार क्वचित अडतं. बहुतेक वेळा कामं उलट्या क्रमाने दिलेली असतात, किंवा शेवटी हातात काय काय मिळायला हवं हे कुठेच लिहून ठेवलेलं नसतं.

आधी मजकूर, मग पानं, मग कणा

लेखकाचा सगळा उत्साह मुखपृष्ठात असतो, म्हणून ते सगळ्यात आधी करून घेतलं जातं. ई-पुस्तकापुरतं हे चालतं, कारण तिथे फक्त पुढची बाजू लागते. छापील पुस्तकाचं आवरण मात्र एकच सलग कागद असतो: एका बाजूला मलपृष्ठ, मध्ये कणा, दुसऱ्या बाजूला मुखपृष्ठ. कण्याची रुंदी ठरते पृष्ठसंख्येवर आणि कागदाच्या जाडीवर. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या केडीपीवर (लेखकाला स्वतः पुस्तक काढता येणारी सेवा) पांढऱ्या कागदाला दर पृष्ठामागे ०.००२२५२ इंच आणि क्रीम कागदाला ०.००२५ इंच धरतात. तुम्ही अंदाजाने २४० पृष्ठं सांगितलीत तर क्रीम कागदावर कणा ०.६ इंचाचा होईल. मांडणी झाल्यावर पृष्ठं २७६ भरली, तर तोच कणा ०.६९ इंच. फरक सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतो, पण कण्यावरचं तुमचं नाव घडीवर चढायला तेवढा पुरतो.

म्हणून क्रम असा ठेवा: संपादन, मुद्रितशोधन, आतली मांडणी, पृष्ठसंख्या पक्की आणि मग पूर्ण आवरण. चित्राची कल्पना, रंग, अक्षरांची जात यांवर बोलणी आधीपासून चालू ठेवायला काहीच हरकत नाही. कण्याचं माप मात्र शेवटच्या पृष्ठसंख्येवरूनच द्या. छोटं पुस्तक असेल तर आणखी एक बघा: पृष्ठं जेमतेम सत्तरच्या घरात असतील, तर केडीपी कण्यावर अक्षरं छापूच देत नाही.

मांडणी झाल्यावर पुन्हा एकदा प्रूफ वाचावं लागतं, पण ते राहिलेल्या चुका टिपण्यासाठी. त्या वेळी प्रकरण नव्याने लिहायला घेतलंत, तर मांडणी करणारा जादा पैसे मागेल आणि त्याचं बरोबर असेल.

मांडणी म्हणजे नेमकं कोणतं काम?

मुखपृष्ठ करणारा आणि मांडणी करणारा ही बहुधा दोन वेगळी माणसं असतात. दोन्ही कामं उत्तम करणारे भेटतात, पण कमी. “तेही करून देतो” असं कुणी म्हणालं, तर त्याने मांडलेल्या पुस्तकाची पाच-सहा आतली पानं मागून बघा. प्रकरणाच्या पहिल्या पानावर वरची शीर्षओळ (पानोपानी येणारं पुस्तकाचं किंवा प्रकरणाचं नाव) वगळली आहे का? परिच्छेदाची एकटी शेवटची ओळ पुढच्या पानाच्या माथ्यावर लोंबकळते आहे का? समोरासमोरच्या पानांच्या ओळी एका रेषेत आहेत का? शिलाईकडचा समास पुरेसा आहे का? हा समासही पृष्ठसंख्येबरोबर वाढतो. केडीपीवर १५१ ते ३०० पृष्ठांना तो किमान अर्धा इंच लागतो आणि ३०१ ते ५०० पृष्ठांना ०.६२५ इंच. तो कमी पडला की वाचकाला पुस्तक फाकवून वाचावं लागतं.

मग छापील आणि ई-पुस्तक. एकाच मजकुराची ही दोन स्वतंत्र कामं आहेत. छापील पान जिथल्या तिथे स्थिर असतं. ई-पुस्तकात वाचक अक्षर लहानमोठं करतो, तसा मजकूर वाहतो, म्हणून तिथे पृष्ठांकांना अर्थ उरत नाही. अनुक्रमणिकेतून प्रकरणावर उडी मारता आली पाहिजे, तळटीपांना दुवे हवेत, चित्रं परिच्छेदाशी बांधलेली हवीत. छपाईची पीडीएफ तशीच ई-पुस्तक म्हणून चढवली, तर मोबाइलवर वाचणारा दोन पानांत कंटाळतो. तेव्हा बोलणी करतानाच विचारा की दर फक्त छपाईच्या पीडीएफचा आहे की ईपबही (ई-पुस्तकाची फाइल) त्यात धरलं आहे. मोबी फाइल (किंडलची जुनी फाइल) देतो असं कुणी सांगितलं, तर त्याची माहिती जुनी आहे. किंडलसाठीही आता ईपबच पाठवतात.

मराठी मजकुराची परीक्षा

या मुद्द्यावर आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण मराठी पुस्तकांच्या सगळ्यात जास्त फाइली इथे परत जातात.

जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून चालायचे. पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाइलच्या पोटात भलतंच रोमन चिन्ह असतं. छापील पीडीएफमध्ये हे खपून जातं. त्याच मजकुराचं ई-पुस्तक केलं की मात्र वाचकासमोर चिन्हांचा खच पडतो, आणि शोध घेतला तर एकही शब्द सापडत नाही. म्हणून अंतिम मजकूर युनिकोडमध्येच (प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) हवा, हे कामाच्या पहिल्या निरोपात लिहा.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत. ती वापरल्यावर पुस्तक पुन्हा ओळीन् ओळ वाचावंच लागतं. ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातला माणूस समुद्रात पोचतो. ‘आचाऱ्यांना’ बोलावलेलं असतं, येतात ‘आचार्यांना’. शब्दसंपादकाची तपासणी यांतलं काहीच पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत.

मांडणी करणाऱ्याला काम देण्याआधी एक ओळ पाठवा आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये, ज्या फॉन्टमध्ये पुस्तक होणार आहे त्यातच ती बसवून पीडीएफ मागा:

दऱ्या, दर्या, तऱ्हा, क्लृप्ती, उद्ध्वस्त, हृदय, ज्ञानेंद्रिय, सर्वांगीण, ॲडव्हान्स.

रफार नीट बसला का, ‘द्ध्व’ सुटा पडला का, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडेच आहे का, ते बघा. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा पर्याय निवडलेला नसेल, तर जोडाक्षरं मोडतात. सरावलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळणाचे आकार आहेत की हिंदी वळणाचे, तेही पाहून घ्या. हिंदी वळणाने पुस्तक बिघडत नाही, पण मराठी वाचकाला काहीतरी खटकत राहतं आणि काय ते त्याला सांगता येत नाही.

निवड कशी करावी

मुखपृष्ठकाराची आधीची कामं बघताना ती मोठी करून बघू नका. अंगठ्याच्या नखाएवढी करून बघा, कारण ऑनलाइन दुकानात वाचकाला ती तेवढीच दिसतात. पुस्तकाचं नाव त्या आकारात वाचता येतं का? रहस्यकथा आणि कवितासंग्रह वेगळे ओळखू येतात का? दाखवलेल्या कामांतली खरोखर छापून आलेली किती आणि सरावासाठी केलेली किती, हेही विचारा. सरावाची कामं कमी प्रतीची असतात असं नाही. पण कणा, बारकोडची जागा आणि छपाईचे रंग सांभाळल्याचा पुरावा छापील कामातच मिळतो.

“आधी फुकट एक नमुना करून दाखवा, आवडला तर काम देऊ” असं म्हणू नका. चांगले लोक नकार देतात आणि उरलेले घाईने काहीतरी पाठवतात. शंका असेल तर एका प्रकरणाची मांडणी किंवा एक प्राथमिक कल्पना पैसे देऊन करून घ्या आणि मग पुढचं ठरवा.

सूचना देताना पुस्तकाचा आकार, प्रकार, वाचक कोण आणि मलपृष्ठावरचा मजकूर द्या. तुम्हाला आवडलेली तीन मुखपृष्ठं आणि न आवडलेलं एक पाठवा, प्रत्येकाचं कारण एकेका वाक्यात लिहून. चित्रात काय काढायचं ते मात्र त्याच्यावर सोडा. नायक, नायिका, वाडा, पाऊस आणि मागे मावळता सूर्य असं सगळं एका आवरणावर मागणारे लेखक आम्हाला दर महिन्याला भेटतात. दुसरी एक विनंती: मुखपृष्ठकाराने पाठवलेले पर्याय घरच्यांच्या ग्रुपवर टाकून मतं मागवू नका. मावशीला निळा आवडतो, भाच्याला लाल, आणि पुस्तक वाचणाऱ्यांत दोघंही नसतात.

लिहून घ्यायच्या गोष्टी

आमच्या एका ग्राहकाचं पुस्तक चांगलं गेलं. दुसऱ्या आवृत्तीत मलपृष्ठावरची एक ओळ बदलायची होती, एवढंच. त्यांच्याकडे होती फक्त आवरणाची जेपीजी. ज्याने काम केलं होतं त्याचा नंबर बंद, ईमेलला उत्तर नाही. एका ओळीसाठी अख्खं आवरण नव्याने करावं लागलं. त्यांचे पैसे कुणी बुडवले नव्हते, त्यांनी मूळ फाइल मागितलीच नव्हती.

तर पहिली गोष्ट, मूळ खुली फाइल. मुखपृष्ठाची सगळ्या लेयर्ससकट (चित्र, अक्षरं यांचे सुटे थर), आणि आतल्या पानांची ज्या सॉफ्टवेअरमध्ये मांडणी झाली त्यातली. काही जण खुल्या फाइलचे वेगळे पैसे घेतात आणि ते रीतसर आहे. फक्त हे काम संपल्यावर कळू नये, कोटेशनमध्येच दिसावं.

दुसरी गोष्ट हक्कांची. पैसे दिले म्हणजे चित्र आपलं झालं, हा समज सर्रास आहे. पण बऱ्याच देशांच्या कायद्यांत लेखी करार नसेल, तर स्वामित्वहक्क चित्र काढणाऱ्याकडेच राहू शकतो. छापील, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, जाहिरात, पुढच्या आवृत्त्या आणि अनुवाद, यांतल्या कशाकशासाठी ते वापरता येईल ते दोन ओळींत लिहून दोघांनी सही करा. वकिली भाषा लागत नाही.

आवरणात विकतचं छायाचित्र असेल, तर त्याचा परवाना कुणाच्या नावावर आहे ते विचारा आणि पावतीची प्रत ठेवा. ‘एडिटोरियल’ शिक्का असलेलं, म्हणजे फक्त बातम्या-लेखांसाठी दिलेलं छायाचित्र मुखपृष्ठावर सहसा चालत नाही. छापील प्रतींनाही मर्यादा असते. शटरस्टॉक या छायाचित्रं विकणाऱ्या संकेतस्थळाच्या नेहमीच्या परवान्यात ती ५ लाख प्रतींची आहे, आणि ती ओलांडण्याची अडचण तुमच्या वाट्याला येवो. असं चित्र दुसऱ्या कुणालाही विकत घेता येतं, त्यामुळे तोच चेहरा उद्या दुसऱ्या पुस्तकावर दिसू शकतो. फॉन्टचेही परवाने असतात: छपाईला चालणारा फॉन्ट ईपबमध्ये घालायची परवानगी असेलच असं नाही. खुल्या परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट आता मिळतात, ते घेतले की ही कटकट मिटते.

चित्र यंत्राकडून, म्हणजे एआयकडून करून घेतलं आहे का, हेही सरळ विचारा. केडीपी २०२३ पासून पुस्तक चढवताना हा प्रश्न विचारतं, मुखपृष्ठासह, आणि उत्तर तुम्हाला द्यायचं असतं, चित्रकाराला नाही.

दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत ते ठरवा. दोन किंवा तीन पुरतात. फेरी म्हणजे सगळ्या सूचना एकत्र करून पाठवलेला एक निरोप. रात्री अकराला आठवलेला स्वल्पविराम ही फेरी नव्हे. पैसे टप्प्यांत द्या: सुरुवातीला काही, कल्पना पसंत पडल्यावर काही, सगळ्या फाइली उघडून बघितल्यावर उरलेले. काम मध्येच थांबलं तर किती द्यायचे, हेही तेव्हाच बोलून घ्या. नंतर हा विषय काढणं दोघांनाही जड जातं.

आमच्याकडे फाइल पाठवताना

आतल्या पानांची पीडीएफ, फॉन्ट आत बसवलेली. पूर्ण आवरणाची दुसरी पीडीएफ, चारही बाजूंना ०.१२५ इंच ब्लीड (कापणीत जाणारा जादा भाग) आणि चित्रं ३०० डीपीआयची (दर इंचात ३०० ठिपके). साडेपाच बाय साडेआठ इंची पुस्तकाच्या पुढच्या बाजूला याचा अर्थ साधारण १६८८ बाय २६२५ पिक्सेल. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो बहुतेक वेळा यात बसत नाही, तेव्हा लेखकाचा फोटोसुद्धा ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. ई-पुस्तकाचं मुखपृष्ठ वेगळं: १६०० बाय २५६० पिक्सेल, आरजीबीमध्ये, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीत. मलपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यात बारकोडसाठी साधारण दोन इंच बाय सव्वा इंच जागा मोकळी हवी. छापील आणि ई-पुस्तकाला आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) घेणार असाल, तर दोन्हींना वेगवेगळा लागतो.

पडद्यावरचे रंग उजेडाचे असतात, कागदावरचे शाईचे. गडद निळा आणि जांभळा छपाईत हमखास मलूल होतात. म्हणून पूर्ण छपाईआधी एक प्रत काढून दिवसाच्या उजेडात बघा. त्या प्रतीत दिसलेली दुरुस्ती मुखपृष्ठकाराने फुकट करायची की पैसे घेऊन, हेही कोटेशनमध्ये असू द्या. कोटेशन आल्यावर हो म्हणण्याआधी आम्हाला दाखवायचं असेल तर पाठवा. वाचून काय सुटलंय ते सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.