अर्थोपक्षेपक

संस्कृत नाटकात जो कथाभाग रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवायचा नसतो, पण प्रेक्षकाला कळल्यावाचून पुढचे कथानक उलगडत नाही, तो सूचित करण्याच्या योजनेला अर्थोपक्षेपक म्हणतात. धनंजयाच्या दशरूपकात (इ. स. चे १० वे शतक) विष्कंभक, प्रवेशक, चूलिका, अंकास्य आणि अंकावतार असे त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. कालिदासाच्या अभिज्ञानशाकुंतलाच्या अभ्यासात पहिल्या दोहोंना विशेष महत्त्व आहे.

ही योजना दोन बंधनांतून निर्माण झाली. एका अंकात एका दिवसाच्या घटना याव्यात आणि दोन अंकांमध्ये फार तर वर्षभराचा काळ लोटलेला असावा, असा भरताच्या नाट्यशास्त्राचा दंडक आहे. शिवाय युद्ध, वध, लांबचा प्रवास, भोजन, स्नान अशा गोष्टी रंगमंचावर दाखवणे निषिद्ध मानले गेले. म्हणून जे नीरस किंवा अनुचित ते सूचित करावे आणि जे रसपूर्ण ते दाखवावे, अशी विभागणी धनंजयाने केली.

विष्कंभक आणि प्रवेशक हे दोन्ही घडून गेलेल्या वा घडणाऱ्या घटना थोडक्यात सांगतात. त्यांतील भेद पात्रांच्या दर्जावर ठरतो. विष्कंभकात मध्यम पात्रे (जसे ऋषींचे शिष्य) असतात; त्यांच्या जोडीला नीच पात्रेही (जसे कोळी, रक्षक) आली, तर तो मिश्र विष्कंभक होतो. प्रवेशकात केवळ नीच पात्रे असतात, ती प्राकृत बोलतात, आणि तो दोन अंकांच्या मध्येच येतो, पहिल्या अंकाच्या आरंभी कधीच येत नाही. केवळ भाषेवरून प्रकार ओळखू पाहणारा विद्यार्थी मात्र शाकुंतलाच्या चौथ्या अंकाशी अडखळतो, कारण तेथील विष्कंभकात शकुंतलेच्या सख्या अनसूया आणि प्रियंवदा प्राकृतच बोलतात. स्त्रीपात्रांची ती रूढ भाषा आहे, त्यामुळे त्यांचा दर्जा उतरत नाही.

शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकाच्या आरंभीचा विष्कंभक नियमाबरहुकूम आहे. दर्भ घेऊन निघालेला कण्वांचा शिष्य पडद्याआडच्या प्रियंवदेशी बोलतो आणि शकुंतला उन्हाच्या तापाने आजारी असल्याचे आपल्याला कळते. चौथ्या अंकाच्या आरंभी मात्र कालिदास या सोयीच्या जागेत नाटकाचा कणाच बसवतो. सख्या फुले वेचत असताना नेपथ्यातून, म्हणजे पडद्याआडून, दुष्यंत शकुंतलेला विसरेल असा दुर्वास ऋषींचा शाप ऐकू येतो. प्रियंवदा त्यांची मनधरणी करते आणि ओळखीचा अलंकार (येथे राजाने दिलेली अंगठी) पाहिल्यावर शाप संपेल, एवढा उःशाप मिळवते. नवमालिकेवर कढत पाणी कोण शिंपील, असे म्हणून दोघी ही गोष्ट शकुंतलेपासून लपवतात. महाभारतातील मूळ कथेत ना शाप आहे, ना अंगठी. ही भर घालताना कवीने शापाला अंकाच्या मुख्य भागात जागा दिली नाही, याचे कारण उघड दिसते : जिला शाप लागतो तिला तो कळू नये, प्रेक्षकाला मात्र कळावा. पुढे हस्तिनापूरला शकुंतलेबरोबर शार्ङ्गरव, शारद्वत आणि गौतमी जातात. ज्यांना सत्य ठाऊक आहे त्या दोघी आश्रमातच राहतात. पाचव्या अंकातील प्रत्याख्यानाची, म्हणजे राजाने शकुंतलेला नाकारण्याची, सारी वेदना या मांडणीवर उभी आहे.

सहाव्या अंकाच्या आरंभीचा धीवराचा प्रवेशकही असाच आहे. माशाच्या पोटात सापडलेली राजाची अंगठी विकताना पकडलेला कोळी, त्याला सुळी देण्यास आतुर झालेले दोन रक्षक आणि बक्षीस मिळताच मद्याच्या दुकानाकडे वळणारी त्यांची नवी मैत्री, हे सारे विनोदी अंगाने जाते. याच ओघात नगररक्षकांचा प्रमुख सांगतो की अंगठी पाहून स्वभावतः गंभीर असलेल्या राजाचे डोळेही क्षणभर व्याकूळ झाले. दुष्यंताची स्मृती परत येण्याचा क्षण प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. धनंजयाच्या कसोटीने तो नीरसही नाही आणि अनुचितही नाही. शास्त्राच्या चौकटीत राहून कवी तिचा कसा वेगळाच उपयोग करून घेतो, हे येथे दिसते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग १८८० मध्ये पुण्यात झाला, तेव्हा पहिले चारच अंक सादर झाल्यामुळे शापाचा भाग आला, पण धीवराची पाळी आली नाही.

उरलेल्या तीन प्रकारांपैकी चूलिका म्हणजे पडद्याआडच्या पात्राने दिलेली सूचना. अंकास्यात अंकाच्या शेवटी आलेले पात्र पुढच्या अंकाचा विषय सुचवते. अंकावतारात आधीच्या अंकाचा धागा न तुटता पुढचा अंक सुरू होतो. मालविकाग्निमित्राचा दुसरा अंक हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण होय. शाकुंतलाच्या सातव्या अंकाला प्रचलित देवनागरी पाठात विष्कंभकही नाही आणि प्रवेशकही नाही : दानवांशी झालेले युद्ध रथातून परतणारा दुष्यंत आणि इंद्राचा सारथी मातली यांच्या संभाषणातूनच कळते.