बांधावरचा बांबू तोडायला परवाना लागतो?

‘बांबू लावाल, पण तोडताना वनखात्याचे उंबरे झिजवाल.’ कोकणात माणग्याचं (बांबूच्या एका जातीचं) बेट राखणाऱ्यांना हे हमखास ऐकवलं जातं. एके काळी ते खरं होतं, आता नाही.

बांबू हे खरं तर गवत. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात ‘झाडा’च्या व्याख्येत ताड, वेत यांच्याबरोबर बांबूही घातला होता. त्यामुळे स्वतःच्या परड्यातला बांबूही वाहतूक पासाच्या, म्हणजे माल नेण्यासाठी लागणाऱ्या वनखात्याच्या परवान्याच्या, कचाट्यात सापडे. गंमत म्हणजे त्याच काळात कागद गिरण्यांना जंगलातला बांबू भाडेपट्ट्यावर स्वस्तात मिळत होता! नोव्हेंबर २०१७ मध्ये अध्यादेश निघाला, डिसेंबरात संसदेने दुरुस्ती मंजूर केली आणि त्या व्याख्येतून बांबू हा एक शब्द वगळला. वनक्षेत्राबाहेरच्या बांबूला या कायद्याखाली तोडीचा परवाना किंवा वाहतूक पास लागत नाही.

गोंधळ होतो तो इथे: ही सूट जंगलातल्या बांबूला नाही. तिथे २००६ चा वनहक्क कायदा बघावा लागतो. त्यात बांबू गौण वनोपज (इमारती लाकडाखेरीजचं जंगलातलं उत्पन्न) आहे, आणि त्यावर वनहक्क मिळालेल्या गावकऱ्यांचा हक्क असतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला वाहतूक पासाचं पुस्तक, म्हणजे पास स्वतःच देण्याची मुभा, मिळाली ती २०११ मध्ये, म्हणजे या दुरुस्तीच्या सहा वर्षं आधी.