अखंड नाताळसंगीत (अमेरिकी रेडिओ)

अमेरिका आणि कॅनडातील काही एफएम केंद्रे नोव्हेंबरात एके दिवशी आपली नेहमीची गाणी गुंडाळून ठेवतात आणि २५ डिसेंबरपर्यंत चोवीस तास फक्त नाताळची गाणी लावतात. या प्रथेला येथे अखंड नाताळसंगीत म्हटले आहे. रेडिओच्या धंद्यात या बदलाचे नाव ‘फ्लिप’. आपल्याकडच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा जशी खाली टेकू देत नाहीत, तसाच हा प्रकार. फक्त सप्ताह सात दिवसांत उरकतो, हा पाच-सहा आठवडे चालतो, आणि दर तीन-चार गाण्यांनंतर मोटारींच्या नाहीतर गाद्यांच्या सेलची जाहिरात येते.

फ्लिप करणारी केंद्रे बहुधा ‘ॲडल्ट कंटेम्पररी’ पठडीतली असतात. म्हणजे गेल्या तीस-चाळीस वर्षांतली ओळखीची, मऊ, कोणाच्या कानाला टोचणार नाहीत अशी गाणी लावणारी. पंचविशी ते पन्नाशीतल्या स्त्रिया हा त्यांचा मुख्य श्रोतृवर्ग. न्यूयॉर्कचे १०६.७ लाइट एफएम, शिकागोचे ९३.९ लाइट एफएम, लॉस एंजेलिसचे कोस्ट १०३.५, सॅन फ्रान्सिस्कोचे कोइट आणि टोरांटोचे ९८.१ सीएचएफआय ही यातली ठळक नावे. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणारा थँक्सगिव्हिंग हा पूर्वी या गाण्यांचा मुहूर्त मानला जाई. तो केव्हाच मागे पडला. शिकागोत तर अलीकडे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच सुरुवात होते, त्यामुळे दिवाळी महिन्याच्या मध्यावर आली की तिथल्या मराठी घरात चकल्या तळल्या जात असताना गाडीत मात्र घुंगरांच्या घसरगाडीची गाणी लागलेली असतात.

नाताळच्या दिवशी नाताळची गाणी लावणे रेडिओला नवे नव्हते. सगळा महिनाच त्यांना देऊन टाकण्याचा प्रयोग ज्या केंद्रांनी आधी केला, त्यांत ॲरिझोनातील फीनिक्सचे केईझेड ९९.९ येते. काळ १९९०च्या सुमाराचा. फीनिक्स हे वाळवंटातले शहर. तिथे डिसेंबरातही दुपारी स्वेटर लागत नाही आणि अंगणात पाइनऐवजी निवडुंग उभे असतात. बर्फाची गाणी दिवसरात्र ऐकायची हौस अशा गावात रुजली, ही गोष्ट या प्रथेबद्दल बरेच काही सांगून जाते. पुढची दहा वर्षे ती हळूहळू पसरली. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतरच्या त्या उदास हिवाळ्यात लोकांना ओळखीचे, घरगुती काहीतरी हवे होते, आणि अनेक केंद्रांनी त्या वर्षी फ्लिप केला. कोस्टची परंपराही २००१चीच. २०२०च्या महासाथीत हेच पुन्हा घडले, मुहूर्त आणखी आधी आला.

पण भावनेवर एवढी वर्षे धंदा चालत नाही. खरे कारण श्रोते मोजण्याच्या पद्धतीत आहे. पूर्वी आर्बिट्रॉन ही कंपनी निवडक घरांत डायऱ्या वाटे, आणि आठवडाभर काय ऐकले ते श्रोत्याने आठवून लिहायचे. २००७पासून मोठ्या शहरांत ‘पोर्टेबल पीपल मीटर’ आले. हे पेजरएवढे यंत्र कमरेला लावून हिंडायचे. केंद्राच्या प्रक्षेपणात मिसळलेला, माणसाला ऐकू न येणारा संकेत ते टिपते आणि कोणते केंद्र कानावर पडेल इतक्या अंतरात तुम्ही होता याची नोंद ठेवते. तुम्ही मन लावून ऐकत होता की केस कापून घेत होता, हे त्याला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. पंधरा मिनिटांच्या खंडात पाच मिनिटे संकेत मिळाला की तो खंड केंद्राच्या खात्यात जमा होई. २०२५पासून तीन मिनिटे पुरतात. २०१३मध्ये आर्बिट्रॉन नील्सन या कंपनीने विकत घेतली, मीटरची पद्धत तीच राहिली.

आता डिसेंबरातले एखादे दंतवैद्याचे प्रतीक्षालय डोळ्यांसमोर आणा. खिडकीत प्लास्टिकचे झाड, टेबलावर जुनी मासिके, कोपऱ्यात रेडिओ. एरवी त्या रेडिओवर काय लावायचे यावरून स्वागतिका आणि डॉक्टर यांचे पटत नसेल. डिसेंबरात फ्लिप केलेले केंद्र लावले की हा वाद उरत नाही. हेच केशकर्तनालयात, गॅरेजमध्ये, हिशेबनिसाच्या कचेरीत. जिथे जिथे ते केंद्र लागलेले असते तिथे आलेल्या प्रत्येक मीटरधारकाची नोंद होते. नील्सनच्या वर्षातल्या तेरा मोजणी-कालखंडांपैकी शेवटचा ‘हॉलिडे’ नावाचाच आहे, आणि त्यात फ्लिप केलेल्या केंद्राचा श्रोतृवाटा दुप्पट होणे हे नवल राहिलेले नाही. जाहिरातदारही काही दुधखुळे नसतात. ही सूज आहे, जानेवारीत उतरणार, हे धरूनच ते भाव करतात. केंद्राला मात्र ऐन खरेदीच्या हंगामात विकायला मोठा जमाव मिळतो, आणि त्या जमावातले काही जण पुढेही रेंगाळतील अशी आशा असते.

एका शहरात दोघांनी फ्लिप केला तर जमाव वाटला जातो. म्हणून आधी कोण, याची चढाओढ लागते. एकदा मोटारीतले बटण लावले की श्रोता सहसा हलत नाही, असा या व्यवसायातला अनुभव आहे. तारीख ऑक्टोबरकडे सरकत जाण्यामागे हेच आहे. काही केंद्रांचा हेतू वेगळाच असतो. त्यांना आपली पठडी कायमची बदलायची असते, उदाहरणार्थ जुन्या रॉकवरून कंट्रीवर, म्हणजे ग्रामीण ढंगाच्या अमेरिकी गाण्यांवर, जायचे असते. मधल्या काळात नाताळची गाणी लावून ठेवली की जुना श्रोता गुपचूप पांगतो आणि २६ डिसेंबरला नवे दुकान उघडता येते. अशा मधल्या सोंगाला ‘स्टंटिंग’ म्हणतात.

गाण्यांचा साठा ऐकणाऱ्याला वाटतो त्यापेक्षा बराच लहान असतो. त्यातही पन्नासएक गाण्यांवर मुख्य भार, आणि तीच वेगवेगळ्या गायकांच्या आवाजात फिरत राहतात. एरवी तेच तेच गाणे लागले की श्रोता केंद्र बदलतो. इथे नवे गाणे लागले तर बदलतो. त्यामुळे या यादीत शिरणे फार कठीण, आणि एकदा शिरले की बाहेर पडणेही तितकेच कठीण. मराया कॅरीचे १९९४चे ‘ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू’ शिरले, आणि पंचवीस वर्षांनी, २०१९मध्ये, बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्यांदा अव्वल आले. ब्रेंडा ली हिने ‘रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री’ १९५८ साली, तेराव्या वर्षी गायले; ते डिसेंबर २०२३मध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले तेव्हा ती ७८ वर्षांची होती.

यातली बरीच गाणी थंडीतली नाहीत. मेल टॉर्मे आणि बॉब वेल्स यांनी ‘द ख्रिसमस साँग’ १९४५च्या जुलैत, कॅलिफोर्नियाच्या उकाड्यात लिहिले. वेल्सने जरा गार वाटावे म्हणून थंडीच्या चार ओळी कागदावर खरडल्या होत्या, त्यातून ते झाले. अर्व्हिंग बर्लिनच्या ‘व्हाइट ख्रिसमस’ला मुळात एक प्रास्ताविक कडवे आहे, त्यात बेव्हर्ली हिल्सचे ऊन आणि ताडाची झाडे आहेत. ते बहुतेक वेळा गाळले जाते, त्यामुळे परगावी अडकलेल्या माणसाची घरची ओढ हा गाण्याचा खरा विषय झाकला जातो. बिंग क्रॉस्बीने ते १९४२मध्ये ध्वनिमुद्रित केले. मूळ तबकडी झिजल्याने १९४७मध्ये पुन्हा गायले, आणि रेडिओवर लागते ते सहसा हे दुसरे. बर्लिन आणि टॉर्मे दोघेही ज्यू होते. या गाण्यांत येशू क्वचितच भेटतो. बर्फ, शेकोटी, घर आणि म्हातारा सांता मात्र जागोजागी. त्यामुळे ती कोणाच्याही दुकानात वाजू शकतात.

चर्चच्या पंचांगाशी या प्रथेचा मेळ बसत नाही, किंबहुना ती त्याच्या नेमकी उलट चालते. पंचांगाप्रमाणे २५ डिसेंबरच्या आधीचे चार आठवडे ‘ॲडव्हेंट’चे, म्हणजे वाट पाहण्याचे, नाताळ २५ला सुरू होतो आणि तीन राजांच्या सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत, बारा दिवस चालतो. गोव्यात हा क्रम अजून पाळला जातो. रेइश मागुश आणि चांदोर येथे ६ जानेवारीला तीन राजांचा सण थाटात होतो आणि तोवर घरांवरच्या चांदण्या उतरत नाहीत. अमेरिकी रेडिओ वाट पाहण्याच्या काळात जल्लोष करतो आणि सण सुरू होताच गप्प बसतो. त्या दिवशी अनेक केंद्रांत निवेदकही नसतो; बोलणे आधीच ध्वनिमुद्रित केलेले, गाणी संगणकाने लावलेली. मध्यरात्रीच्या आसपास शेवटचे नाताळगीत संपते आणि पाठोपाठ ऐंशीच्या दशकातले एखादे प्रेमगीत सुरू होते, जणू मधे काही झालेच नाही.

तक्रारी दर वर्षीच्या. सर्वांत रास्त तक्रार दुकानांत काम करणाऱ्यांची: गिऱ्हाईक वीस मिनिटांत निघून जाते, गल्ल्यावरच्या मुलीला मात्र आठ तास तेच गाणे सतरा आवाजांत ऐकावे लागते. कधी वाद शब्दांवरून होतो. १९४४मध्ये लिहिलेल्या ‘बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड’ या युगुलगीतात घरी निघालेल्या स्त्रीला पुरुष आग्रहाने थांबवतो. २०१८मध्ये क्लीव्हलंडच्या एका केंद्राने श्रोत्यांच्या आक्षेपावरून ते काढले. कोइटनेही काढले, पण श्रोत्यांचा कौल घेतल्यावर पुन्हा यादीत घातले. हे ज्या डिसेंबरात झाले त्यात ते गाणे एरवीपेक्षा जास्तच ऐकले गेले असावे.

अमेरिकी कायद्यानुसार हवेतून प्रक्षेपण करणारी केंद्रे गीतकार-संगीतकारांना मानधन देतात. गायकाला आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपनीला काही द्यावे लागत नाही. ‘रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री’ एफएमवर दिवसातून कितीही वेळा लागले, तरी त्याचे पैसे गाणे रचणाऱ्या जॉनी मार्क्सच्या वारसांच्या बाजूला जातात, ब्रेंडा लीकडे नाही.