कामाचं अंतर (पुणे)

कामाचं अंतर म्हणजे राहत्या खोलीपासून हजेरी लागते त्या गेटपर्यंतची वाट, आणि ती रोज तुडवायला जाणारा वेळ न पैसा. पुण्यात कुणाला कुठलं काम परवडणार हे शिक्षण आणि ओळखीइतकंच या अंतरावर ठरतं, पण पगार सांगताना ते कुणी धरतच नाही. १८ हजार मिळतात म्हणतात, त्यातले पेट्रोलला किती गेले ते कोण सांगतंय.

पूर्वी गाव आटोपशीर होतं आणि सायकली भरपूर होत्या. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, बोपोडी-दापोडीकडनं तिथं पायंडल मारत माणसं जायची. मग १९५४ ला पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ ला एमआयडीसी म्हणजे राज्याचं औद्योगिक महामंडळ स्थापन झालं, त्याच सुमाराला आकुर्डीला बजाज, पाठोपाठ टेल्को (आताची टाटा मोटर्स), आणि काम एकदम नदीपलीकडं सरकलं. तेव्हा कंपनीची बस हा पगाराचाच भाग होता असं समजा. अजून सकाळी सहाच्या आत कुठल्याही मोठ्या चौकात बघा, युनिफॉर्म घातलेली दहाबारा माणसं पाठीला सॅक लावून उभी असतात, बस आली की चढतात आणि बसल्या बसल्या झोपतात. ती झोप फुकट नाही, ज्याला बस नाही तो तेवढा वेळ हँडल धरून असतो. पर्मनंट झालेल्यांनी पुढं निगडी प्राधिकरणात, चिंचवडात घरं केली, पोरं शिकवली, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली ती याच लोकांच्या जिवावर.

नंतर कारखाने चाकण, तळेगाव, रांजणगावला गेले न भरती ठेकेदारामार्फत व्हायला लागली. तिथला कंत्राटी पोरगा लातूर-नांदेडकडनं नाहीतर यूपी-बिहारमधनं आलेला असतो, तो अंतर वाचवायला कंपनीजवळच पत्र्याच्या खोलीत चौघापाचजणांत राहतो. एकाची नाइट, दुसऱ्याची फर्स्ट शिफ्ट, त्यामुळं गादी कधी थंड होत नाही. अंतर वाचलं खरं, पण ठेकेदारानं ब्रेक दिला, म्हणजे मधेच कामावरनं बसवलं, की दुसरं काम शोधायला परत गाडीच लागते.

गाडी म्हणजे इथं टू-व्हीलर. कुरिअर, वसुली, सेल्स, कुठल्याही जाहिरातीत ‘स्वतःची गाडी आवश्यक’ असतंच, म्हणजे नोकरी लागायच्या आधी हप्ता सुरू. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा मिळून २००७ ला पीएमपीएमएल झाली पण बस वेळेवर येईल या भरवशावर फर्स्ट शिफ्ट कोण धरणार, आणि २०२५ मध्ये कमीत कमी तिकीट ५ चं १० झालं. मेट्रो मार्च २०२२ ला सुरू झाली, चांगली आहे, स्टेशनजवळ राहणाऱ्याला.

बायकांचं गणित वेगळं. धुणंभांडी करणाऱ्या बाईची कमाई तिच्या पायांवर असते. आमच्या सोसायटीतल्या मावशी मागच्या वस्तीतनं सातला येतात, अकरापर्यंत चार घरं उरकतात, मध्ये पाच मिनिटं घरी जाऊन पोराला शाळेत धाडून परत येतात. वस्ती आणि सोसायटीमधली ती भिंतीतली फट बंद करा असं मीटिंगमध्ये दरवर्षी निघतं, आणि दरवर्षी ज्यांच्याकडं मावशी येतात तेच गप्प बसतात. उद्या पुनर्वसनात याच मावशींना दहा किलोमीटरवर सातव्या मजल्यावर पक्कं घर मिळालं तर कागदावर त्यांची प्रगती झाली, पण चारातली तीन घरं सुटली, कारण रिक्षाचं भाडं देऊन एका घराची भांडी घासणं कुणाला परवडतं?

मध्यमवर्गाला हे जरा गुळगुळीत रूपात भोगावं लागतं. नवरा हिंजवडीच्या आयटी पार्कात, बायको खराडीला, शहराच्या दोन टोकांना, तर फ्लॅट घ्यायचा कुठं? हिंजवडीजवळ वाकडला घेतला की बायकोचे दिवसाचे तीन तास रस्त्यावर. दोन वर्षं ओढतात, मूल झालं की एकजण नोकरी सोडतो, आणि तो ‘एकजण’ बहुतेक वेळा बाईच असते.

ज्यांची जमीन होती त्यांच्याकडं मात्र शहर आपणहून चालत आलं. हडपसरच्या मगरांनी शेतं एकत्र करून स्वतःच मगरपट्टा सिटी उभी केली, बाकीच्यांनी गुंठ्यावर विकली, त्यांना लोक गुंठामंत्री म्हणून हसतात न मनातनं जळतात. २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत आली, भाडी मात्र त्याच्या आधीच वाढलेली होती.

सगळ्यात कडक अंतर मजूर अड्ड्यावर. वारज्याच्या अड्ड्यावर आठच्या सुमाराला फावडं-घमेलं घेऊन माणसं उभी असतात, मुकादम आला की गराडा पडतो, भाव ठरतो, टेम्पोत चढतात. लांबनं येणारा बस चुकली म्हणून नऊला पोचला तर चांगली कामं गेलेली असतात. दहानंतर अड्ड्यावर उरतात ती म्हातारी माणसं, कडेवर पोर असलेल्या बाया आणि हे उशिरा आलेले, अन् त्यांना येईल त्या भावात जावं लागतं नाहीतर डबा तिथंच खाऊन घरची बस पकडावी लागते.