निकट-अवरक्त मापनातील तापमान दुरुस्ती

निकट-अवरक्त वर्णपटमितीत सुमारे ७८० ते २५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश नमुन्यावर टाकतात आणि त्यातला किती शोषला गेला यावरून ओलावा, प्रथिने, साखर यांचे प्रमाण काढतात. शोषण आणि प्रमाण यांची सांगड आधी प्रयोगशाळेत तपासलेल्या नमुन्यांवरून घालावी लागते, तेच कॅलिब्रेशन. हे नमुने एका तापमानाला मोजले आणि पुढे दुसऱ्याच तापमानाचा माल आला, तर आकडा चुकतो. ही चूक आवरण्याचे उपाय म्हणजे तापमान दुरुस्ती. उपकरणाचा दिवा किंवा डिटेक्टर तापल्याने पडणारा फरक यात येत नाही.

गोंधळाचे मूळ बहुतेक वेळा पाण्यात असते. तापमान वाढले की पाण्याच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध कमकुवत होतात, ओ-एच (ऑक्सिजन-हायड्रोजन) बंधाच्या कंपनाची वारंवारता वाढते आणि शोषणपट्टा, म्हणजे जिथे शोषण जास्त होते तो तरंगलांबींचा पट्टा, कमी तरंगलांबीकडे सरकतो. १४५० नॅनोमीटरजवळच्या पट्ट्याची १४१० कडची बाजू चढते, १५०० कडची उतरते आणि १४४० च्या आसपासचा एक बिंदू जवळपास जागेवर राहतो. वर्णपट एकसारखा वर-खाली होत नाही, त्याचा आकारच बदलतो. रसाळ फळात बहुतांश पाणी असते आणि साखरेची खूण त्याच्याच पट्ट्यांत मिसळलेली असते. त्यामुळे पाण्यातला हा बदल मॉडेलला, म्हणजे कॅलिब्रेशनमधून मिळालेल्या समीकरणाला, साखर बदलल्यासारखा वाटतो. दर अंशामागे ठरावीक आकडा मिळवण्याची किंवा वजा करण्याची जुनी युक्ती एकाच प्रकारच्या मालाला, थोड्या तापमान-पल्ल्यातच चालते.

जपानमध्ये सुमिओ कावानो आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये न कापलेल्या पीच फळांच्या ब्रिक्ससाठी (रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, प्रमाणाचे माप) सरळ वाट धरली: कॅलिब्रेशनच्या संचातच वेगवेगळ्या तापमानांची फळे घेतली. अशा संचावर बेतलेले समीकरण तापमानाने कमी हलणाऱ्या तरंगलांबींवर भर देते. किंमत मोजावी लागते ती नमुन्यांच्या संख्येत, आणि पीएलएस (अनेक तरंगलांबींची माहिती थोड्या गणिती घटकांत एकवटणारी पद्धत) मॉडेलला असे जास्त घटक लागतात. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्ह्युल्फर्ट, कॉक आणि स्मिल्डे यांनी १९९८ मध्ये इथेनॉल, पाणी आणि २-प्रोपेनॉल यांच्या मिश्रणांवर हाच प्रश्न तपासला. एकाच तापमानाला घडवलेली मॉडेले दुसऱ्या तापमानाला बरीच चुकली. थर्मामीटरचे वाचन आणखी एक स्तंभ म्हणून जोडणे सोपे वाटते, पण तापमानाची माहिती वर्णपटात आधीच असल्याने त्यातून फारसे हाती लागत नाही.

दुसरा मार्ग तोच नमुना थंड, कोमट आणि गरम असा मोजण्याचा. नमुन्यातली साखर आणि पाणी तेवढेच आहे, तेव्हा वर्णपटांतला फरक तापमानाचा. वेस्टरहाउस यांच्या ‘रिपीटेबिलिटी फाइल’मध्ये हे फरक कॅलिब्रेशनला जोडून मॉडेलला त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकवतात. फ्रान्समध्ये रॉजर, शोशार आणि बेलों-मोरेल यांनी २००३ मध्ये सफरचंदांतल्या साखरेसाठी मांडलेली ईपीओ (एक्स्टर्नल पॅरामीटर ऑर्थोगोनलायझेशन) पद्धत ते फरक ज्या दिशांना पसरतात त्या दिशा वर्णपटातून आधीच काढून टाकते. यासाठी मोजकी फळे पुरतात, हा तिचा मोठा फायदा. मात्र त्या दिशांना साखरेचीही थोडी माहिती असेल, तर तीही जाते.

या सगळ्या गणिताला संचातला दोष पुरून उरतो. ओले नमुने नेहमी शीतगृहातून आणि कोरडे टेबलावरून आले असतील, तर मॉडेल थंडपणालाच ओलावा समजते आणि त्याच संचावर घेतलेल्या चाचणीत हे कळतही नाही. प्रत्येक पातळीचे नमुने प्रत्येक तापमानाला मोजणे हाच यावरचा इलाज. फळाचे तापमानही सालीवरून ठरवून चालत नाही. शीतगृहातून काढलेल्या फळाची साल लवकर कोमट होते, गर बराच वेळ थंड राहतो.