बुडवलं की फसवलं? कलम ४२० च्या मागची गोष्ट

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या दंड संहितेतलं, फसवून मालमत्ता उकळण्याला शिक्षा देणारं कलम ४२० मागे पडलं. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना ते अजून लागतं, नंतरच्या नाही. तरी माणूस पोलीस ठाण्यात शिरतो तो 'चारसोबीसची केस घ्या' म्हणतच. घेतलेले पैसे परत न देणारा प्रत्येक जण आपल्या लेखी फसवणारा असतो. 'पैसे बुडवले' आणि 'फसवलं' यांत बोलताना आपण फरक करत नाही. कायद्याने मात्र या दोन शब्दांच्या मध्ये तुरुंगाची भिंत घातली आहे. ती का घातली, हे समजायला १८६० सालच्या बंगालमध्ये जावं लागतं.

निळीचे मळेवाले रयतेला आगाऊ रक्कम देत आणि नीळ पिकवून देण्याचा करार लिहून घेत. भाव इतका कमी असे की कर्ज फिटायचंच नाही. १८५९ मध्ये नदिया, जेसोर भागातल्या शेतकऱ्यांनी नीळ पेरायला नकार दिला. त्यावर सरकारने १८६० साली अकरावा कायदा केला. तो तात्पुरता होता, पण त्याने करार मोडणाऱ्या रयतेला मॅजिस्ट्रेट तुरुंगात टाकू शकत होता. उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिरांसाठी १८५९ चा तेरावा कायदा आधीच होता, आणि तो पुढे १९२५ पर्यंत टिकला. थोडक्यात, शब्द मोडला की कैद.

त्याच वर्षी, ६ ऑक्टोबर १८६० रोजी, दंड संहिता मंजूर झाली. मेकॉलेच्या कायदा आयोगाने तिचा मसुदा १८३७ मध्येच दिला होता. तो दोन दशकांहून अधिक काळ पडून राहिला. गव्हर्नर जनरलच्या मंडळातले कायदेसदस्य बार्न्स पीकॉक यांनी त्यावर हात फिरवला, आणि कायदा होण्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १८५९ मध्ये, मेकॉले वारला. या संहितेच्या कलम ४१५ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे आणि तिच्याखाली दिलेल्या उदाहरणांपैकी एक निळीचंच आहे. नीळ द्यायचीच नाही असं मनात ठरवून कोणी आगाऊ रक्कम घेतली, तर ती फसवणूक. पण पैसे घेताना नीळ द्यायचा इरादा होता आणि नंतर करार मोडला, तर तो गुन्हा नाही. त्याच्यावर फक्त दिवाणी दावा होईल. रयतेला करारभंगासाठी तुरुंग दाखवणारा कायदा ज्या वर्षी झाला, त्याच वर्षी हे वाक्यही कायद्यात आलं. मला या कलमातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच वाटतं.

इंग्लंडमध्ये तेव्हा असा विचार नव्हता. खोटी वजनं-मापं वापरून सगळ्यांना लुबाडणं हा गुन्हा होता, पण अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सरन्यायाधीश होल्ट यांनी विचारलं होतं, 'एकाने दुसऱ्याला मूर्ख बनवलं म्हणून त्याच्यावर खटला भरायचा का?' १७५७ च्या कायद्याने खोटी बतावणी करून माल उकळणं गुन्हा ठरवलं. तरी बतावणी चालू वस्तुस्थितीबद्दल असावी लागे; 'पुढच्या महिन्यात देतो' हे खोटं वचन त्यात बसत नव्हतं. ते बसायला तिथे १९६८ साल उजाडावं लागलं. आपल्याकडे १८६० पासूनच मनातला खोटा इरादा हीच मुळात फसवणूक मानली गेली.

आपल्याकडची मुळं त्याहून जुनी आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या 'कंटकशोधन' या भागात लबाड कारागीर आणि व्यापाऱ्यांचा बंदोबस्त आहे, आणि मुंबई इलाख्यात १८२७ पासून एल्फिन्स्टनच्या काळातली स्वतःची फौजदारी नियमावली होती. १ जानेवारी १८६२ ला नवी संहिता लागू झाल्यावर ती मागे पडली.

कलम ४१५ ची मांडणी दिसते त्याहून रुंद आहे. मालमत्ता गेलीच पाहिजे असं नाही. फसवून एखाद्याकडून काही करवून घेतलं आणि त्यामुळे त्याच्या शरीराला, मनाला, लौकिकाला किंवा मालमत्तेला इजा पोहोचण्याचा संभव असला, तरी पुरे. अप्रामाणिकपणे गप्प राहणं हीसुद्धा फसवणूक. एकाला विकलेली जमीन, ते न सांगता दुसऱ्याला विकणं, हे उदाहरण मूळ कायद्यातच आहे. एकाच प्लॉटच्या दोन इसारपावत्या पाहिलेल्यांना ते वेगळं समजावून सांगायला नको.

पुढचं शतक न्यायालयं एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली: पैसे हातात घेतले त्या क्षणी मनात काय होतं? नंतर पैसे दिले नाहीत, एवढ्यावरून सुरुवातीची लबाडी सिद्ध होत नाही. तिचा माग आधीच्या गोष्टींत लागतो. विकायला काढलेली मालमत्ता तेव्हाच दुसऱ्याच्या नावावर होती का, कागद बनावट होता का, तेच आश्वासन आणखी दहा जणांना दिलं होतं का. न वटलेल्या चेकसाठी एप्रिल १९८९ पासून निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात कलम १३८ आलं, ते याच अडचणीमुळे उपयोगी पडतं. तिथे सुरुवातीचा इरादा शोधत बसावं लागत नाही. महाराष्ट्राने १९९९ मध्ये ठेवीदारांच्या हितरक्षणाचा वेगळा कायदा (एमपीआयडी) केला.

आणि तरीही वसुलीसाठी एफआयआर करण्याची सवय वाढत गेली. दिवाणी दाव्याला वर्षं लागतात, अटकेची भीती लगेच काम करते, हे त्यामागचं साधं कारण. इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रवृत्तीची नोंद घेतली. २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात त्याने सांगितलं की, एकाच व्यवहारावर फसवणूक आणि विश्वासघात अशी दोन्ही कलमं सरसकट लावता येत नाहीत. फसवणुकीत इरादा सुरुवातीपासून खोटा असतो. विश्वासघातात वस्तू विश्वासाने आलेली असते आणि मन नंतर फिरतं. एप्रिल २०२५ मध्ये सरन्यायाधीश संजीव खन्ना यांच्या खंडपीठाने उत्तर प्रदेशात दिवाणी वादांना फौजदारी रूप दिलं जातं यावर कडक ताशेरे ओढले.

नव्या संहितेत सगळं कलम ३१८ मध्ये एकत्र आलं. साध्या फसवणुकीची कमाल शिक्षा एका वर्षावरून तीन वर्षांवर गेली, तोतयेगिरीची (कलम ३१९) तीनवरून पाचवर. जुनं ४२० आता ३१८ चं उपकलम ४ आहे, शिक्षा तीच, सात वर्षांपर्यंत. नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३(३) ने एफआयआरआधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा दिली, पण ती तीन वर्षं किंवा अधिक, मात्र सातहून कमी शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यांपुरती. पैशांच्या व्यवहारात हमखास लावलं जाणारं ३१८(४) बरोबर त्या रेषेपलीकडे राहिलं. ही चाळणी ज्या कलमाला सर्वांत जास्त हवी होती, नेमकं तेच तिच्यातून सुटलं.