घरातल्या अँटेनावरून डीएक्स

गच्चीवर किंवा अंगणात अँटेना उभारायची सोय नसलेले, किंवा परवानगीच न मिळालेले हॅम (हौशी रेडिओवाले) खोलीत, माळ्यावर, बंद बाल्कनीत अँटेना लावून लांबच्या देशांशी क्यूएसओ (रेडिओ संपर्क) करतात, म्हणजे डीएक्स साधतात, तो हा प्रकार. चालतो मुख्यतः ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या एचएफ पट्ट्यात, कारण आयनोस्फियर या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून उसळी घेऊन सिग्नल हजारो किलोमीटर जातो तो इथेच. अमेरिकेत याला मोठं कारण बाहेर अँटेना लावू न देणारे घरमालक-संघांचे करार. १९८५ साली एफसीसी या तिथल्या दूरसंचार नियामकाच्या पीआरबी-१ आदेशाने स्थानिक प्रशासनाला हॅमच्या अँटेनांना वाजवी जागा द्यायला लावलं, पण खासगी करार त्यातून सुटले, म्हणून तिकडे माळ्यावरचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली वायरची अँटेना) बराच दिसतो. तिकडची बरीच घरं लाकडी, छत आरएफला, म्हणजे रेडिओ लहरींना, फारसं अडवत नाही. आपल्याकडच्या आरसीसी फ्लॅटमध्ये स्लॅबमधल्या सळ्यांची जाळी मधे येते, त्यामुळे तिकडचे अनुभव इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत आणि बहुतेक सगळा खेळ खिडकीपाशीच होतो.

हाफ-वेव्ह, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीच्या, डायपोलची लांबी मीटरमध्ये साधारण १४३ भागिले मेगाहर्ट्झ. २० मीटर बँडला (१४ मेगाहर्ट्झ) त्यामुळे १० मीटर वायर लागते, १० मीटर बँडला (२८ मेगाहर्ट्झ) फक्त ५, आणि ती हॉलमध्ये कर्णात, टोकं थोडी दुमडून बसते. म्हणून घरातल्या हॅमचं सूर्याकडे जास्त लक्ष असतं. १० मीटर बँड नीट उघडतो तो सौरचक्र (सूर्यडागांचं सुमारे ११ वर्षांचं चक्र) वर असताना, आणि डिसेंबर २०१९ ला सुरू झालेलं २५वं चक्र २०२४ च्या सुमारास शिखरावर पोचलं असं धरतात.

खरा वाद आहे तो छोट्या लूपचा, म्हणजे मॅग्नेटिक लूपचा. तांब्याच्या नळीचं कडं, घेर तरंगलांबीच्या पाव भागाहून कमी, आणि ट्यून करायला एक व्हेरिएबल कपॅसिटर. याचा उगम काही जण थेट हर्ट्झच्या १८८७ च्या आसपासच्या प्रयोगातल्या कड्याशी नेतात. पण ते कडं सिग्नल पकडायला होतं, पाठवायला नव्हे, त्यामुळे ही वंशावळ जरा ताणलेली वाटते. दिशा शोधायचे लूपही जुने, पण तेही रिसीव्हरचेच. ट्रान्समिट करायच्या लूपची गोष्ट बहुधा ऑगस्ट १९६७ पासून धरावी, तेव्हा केनेथ पॅटरसन यांनी अमेरिकन सैन्यासाठीच्या लूपवर इलेक्ट्रॉनिक्स मासिकात लिहिलं, आणि मार्च १९६८ च्या क्यूएसटी या हॅम मासिकात लुइस मॅकॉय यांनी तोच आर्मी लूप हॅमसमोर आणला. पॅटरसनच्या लूपला केबलची जोडणी कपॅसिटरने होती, आज सगळीकडे दिसणारा, मोठ्या लूपच्या साधारण एक-पंचमांश आकाराचा छोटा कपलिंग लूप नंतर रुळला.

कार्यक्षमतेवर तर अजून भांडण चालूच आहे. १ मीटर व्यासाचा लूप १४ मेगाहर्ट्झवर घेतला तर त्याचा रेडिएशन रेझिस्टन्स (लहरी होऊन बाहेर जाणाऱ्या पॉवरचा हिस्सा) सुमारे ०.०९५ ओहम येतो, आणि २२ मिमी तांब्याच्या नळीचा लॉस रेझिस्टन्स (उष्णतेत जाणाऱ्या पॉवरचा हिस्सा) साधारण ०.०४५. कपॅसिटरचे काँटॅक्ट अजून धरलेच नाहीत, ते धरले की निम्म्याच्या आसपास पॉवर उष्णतेत जाते. तोच लूप ७ मेगाहर्ट्झवर नेला की रेडिएशन रेझिस्टन्स १६ पट घटून ०.००६ ओहमवर येतो आणि फक्त तांब्याचा लॉस धरला तरी कार्यक्षमता १५-२० टक्क्यांत अडकते. अँटेना जितकी लहान तितकी तिची बँडविड्थ (एकदा ट्यून केल्यावर चालणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) अरुंद, अशा लहान अँटेनाच्या मर्यादा व्हीलर यांनी १९४७ ला आणि चू यांनी १९४८ ला मांडल्या. ब्रिटनचे माइक अंडरहिल यांनी २००३ च्या सुमारास आपली मोजमापं या निकषाशी जुळत नाहीत असं लिहिलं आणि छोट्या लूपची कार्यक्षमता पुस्तकी आकड्यांहून बरीच जास्त असल्याचा दावा केला. त्यावर आक्षेप असा की बँडविड्थ रुंद दिसली म्हणजे रेडिएशनच वाढलं असं नाही, आजूबाजूच्या भिंतीतला, जमिनीतला लॉससुद्धा बँडविड्थ रुंदावतो. हा आक्षेप जास्त वजनदार वाटतो.

बाकी निम्मी पॉवर गेली तरी ते ३ डीबीच, म्हणजे समोरच्याच्या एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या काट्यावर) अर्धा एस-युनिट. जास्त त्रास होतो तो ऐकण्यात. एलईडी बल्ब, चार्जर, राउटर यांच्या स्विचिंग सप्लायचा नॉइज घरातच तयार होतो आणि कमकुवत डीएक्स त्यात बुडून जातो. लूप उभा धरून फिरवला की त्याची नल (ज्या दिशेचं सगळ्यात कमी ऐकू येतं ती बाजू) नॉइजच्या दिशेला नेता येते, ही त्याची मोठी सोय.

२०१७ ला जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी८ ही कमकुवत सिग्नलसाठीची डिजिटल पद्धत आणल्यावर चित्र बदललं. १५ सेकंदांचे पाळीपाळीने संदेश, सुमारे ५० हर्ट्झ रुंदी, आणि सिग्नल २५०० हर्ट्झ रुंदीतल्या नॉइजपेक्षा २० डीबी खाली असला तरी डिकोड होतो. ५ वॅटवर खिडकीतला लूप दुसऱ्या खंडात पोचतो तो बऱ्याचदा यावरच. वेगवेगळ्या देशांशी संपर्क केल्याबद्दलच्या डीएक्ससीसी अवॉर्डला १०० एंटिटी (देश किंवा स्वतंत्र धरलेले प्रदेश) लागतात, अँटेना छपरावर की कपाटामागे अशी काही अट नाही.

एक मात्र आहे, लूपच्या कपॅसिटरवर ५० वॅटलाही काही हजार व्होल्ट येतात आणि जवळचं चुंबकीय क्षेत्र बरंच तीव्र असतं, त्यामुळे ट्रान्समिट करताना माणूस आणि लूप यांत अंतर हवंच. अमेरिकेत तर २०२१ च्या नव्या नियमांनी आरएफ एक्सपोजरच्या तपासणीतून हॅमना आधी मिळणारी खास सूटच काढून टाकली.